समुद्राकाठची गडद निळी गाडी : वॅक्स कोणते निवडावे आणि रंगाची निगा कशी राखावी?

प्रश्न : जांभ्याचीवाट

नमस्कार मंडळी,

आमचे घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलेली मेटॅलिक निळ्या रंगाची गाडी अंगणात हापूसच्या कलमाखाली उभी असते, कारण छप्पर असलेली दुसरी जागा आमच्याकडे नाही. रंग अजून चांगला आहे, पण तो असाच टिकावा यासाठी आतापासून काय करावे, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली मोहोराच्या दिवसांतली. सकाळी टपावर, बॉनेटवर आणि पुढच्या काचेवर बारीक चिकट ठिपके पडलेले असतात, त्यांवर रस्त्याची तांबडी धूळ बसते, आणि दुपारचे ऊन लागले की तो थर इतका घट्ट होतो की ओल्या फडक्यानेही सहज निघत नाही. दुसरी अडचण पावसाळ्यातली. चार महिने गाडी भिजत राहते, चाकांच्या मागच्या पत्र्यावर चिखल चढतो, आणि सुकायला उसंतच मिळत नाही. तिसरी गोष्ट अलीकडे लक्षात आली. उन्हात बॉनेटकडे तिरपे पाहिले, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेघा दिसतात. गाडी रोज सकाळी सुती फडक्याने पुसली जाते, त्यामुळे या रेघा कशाच्या हे कळत नाही.

बाजारात पाहिले तर कार्नोबा वॅक्स, सिंथेटिक सीलंट, स्प्रे वॅक्स, सिरॅमिक कोटिंग अशी कितीतरी नावे आहेत आणि प्रत्येक डब्यावर तेच दावे आहेत. आमच्यासारख्या ठिकाणी यांतले नेमके काय घ्यावे? आधी पॉलिश करून घ्यावे का? आणि गेल्या पंधरवड्यात मागचा बंपर घासला गेल्यामुळे तो नव्याने रंगवून घेतला आहे, त्यालाही वॅक्स लावावे का?

उत्तर : तकाकी

आपल्या प्रश्नाचे उत्तर डब्यावरच्या नावापेक्षा आपल्या अंगणातल्या कलमात आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अधिक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. या सगळ्यांची मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरते, आणि त्यांतला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच क्लिअर कोटमध्ये असतात. आपण जे जपायचे ते हे एवढेच. वॅक्सचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्यामुळे तो दगड अडवत नाही आणि ओरखडाही अडवत नाही. तो दोन गोष्टी करतो. पक्ष्याची विष्ठा, चिकटा, क्षार हे क्लिअर कोटला थेट भिडण्याआधी आपल्याला काही तासांची सवड देतो, आणि घाण घट्ट धरू न दिल्यामुळे धुताना कमी घासावे लागते. ही दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, पण माझ्या मते वॅक्सचा खरा फायदा तोच आहे.

आता निवडीकडे वळू. कार्नोबा हे मेण ब्राझीलच्या ईशान्येकडील सिआरा, पिआवी या कोरड्या प्रांतांत वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवरून मिळते. पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ते स्वतःच तयार करते. नैसर्गिक मेणांमध्ये ते सर्वांत कठीण, आणि सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारे. शुद्ध स्वरूपात ते इतके टणक असते की गाडीवर चोळताच येणार नाही, म्हणून प्रत्येक डब्यात त्याच्यासोबत द्रावके, तेले आणि इतर मऊ मेणे असतात. डब्यावर ‘१०० टक्के कार्नोबा’ असे छापलेले दिसले, तर त्याचा अर्थ फार तर एवढाच घ्यावा की मेणाचा जो भाग आहे तो कार्नोबाचा आहे. गडद रंगावर कार्नोबाने येणारी खोल, ओलसर झाक दुसऱ्या कशाने तशी येत नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. मात्र एप्रिलच्या उन्हात गडद बॉनेटचा पत्रा ७० अंशांच्या पुढेही तापू शकतो आणि मिश्रणातली मऊ द्रव्ये तेवढ्या उष्णतेत तग धरत नाहीत. आपल्याकडे हा थर चार ते आठ आठवड्यांपलीकडे टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

इथेच आपला पावसाळा आडवा येतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळात. वॅक्स लावायला गाडी पूर्ण कोरडी हवी आणि नंतरही काही तास कोरडी राहायला हवी. उघड्या अंगणात ते त्या चार महिन्यांत जमणार नाही. म्हणजे मेच्या मध्याला लावलेला थर ऑक्टोबरपर्यंत पुरला पाहिजे, आणि कार्नोबा तेवढा पुरत नाही. म्हणून आपण सिंथेटिक पॉलिमर सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम द्रव्यांचा संरक्षक थर देणारे लेपण, घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगले सीलंट चार ते सहा महिने टिकते, उष्णतेला दाद देत नाही आणि शॅम्पूने लवकर उतरत नाही. वर्षातून दोनदा, म्हणजे एकदा मेच्या मध्याला आणि एकदा दसरा-दिवाळीच्या सुमारास, एवढे आपल्याला पुरेल. हिवाळ्यात हौस म्हणून त्यावर कार्नोबाचा हात द्यायचा असेल तर अवश्य द्या. उलटा क्रम मात्र चालत नाही, कारण तेलकट मेणावर सीलंट धरत नाही.

स्प्रे वॅक्स काही आठवडे टिकते. धुऊन झाल्यावर मधून मधून मारायला ते सोयीचे आहे, पण मूळ थराच्या जागी ते वापरू नये. डब्यावर ‘क्लीनर वॅक्स’ असे लिहिले असेल, तर त्यात बहुधा रंग किंचित घासणारी द्रव्ये असतात. ते दर वेळी वापरण्याची वस्तू नव्हे.

लावण्याची रीत महत्त्वाची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गाडी धुऊन, वाळवून सावलीत घ्या आणि हाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवून पाहा. पत्रा गार लागला पाहिजे. मग हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून रंगावरून बोटे हलकेच फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटलेला पृष्ठभाग पिशवीतून खरखरीत लागला, तर ब्रेकच्या लोखंडी कणांसारखी सूक्ष्म घाण क्लिअर कोटमध्ये रुतून बसली आहे असे समजा. लोखंडी कणांसाठी मिळणारा आयर्न रिमूव्हर फवारला की ते कण जांभळे होऊन ओघळतात. उरलेली घाण क्ले बारने (रंगावरून फिरवायच्या मातीसारख्या मऊ वडीने), भरपूर शॅम्पूच्या पाण्याचे वंगण ठेवून, काढता येते. क्ले जमिनीवर पडली तर ती सरळ टाकून द्यावी, कारण तिच्यात रुतलेला वाळूचा एक कण पुढे सबंध दरवाजावर रेघा ओढत जातो. त्यानंतर स्पंजच्या पॅडवर नखाएवढे सीलंट घेऊन एका वेळी एकच भाग घ्या, आणि ते इतके पातळ पसरवा की नीट दिसूही नये. जाड लावल्याने संरक्षण वाढत नाही, जास्तीचा माल फडक्यात निघून जातो. थर धूसर झाल्यावर बोट फिरवून पाहावे. बोटाखाली स्वच्छ चकचकीत पट्टा उमटला तर पुसण्याची वेळ झाली, माल फरफटला तर अजून थांबावे. पुसायला मऊ मायक्रोफायबर घ्यावे आणि त्याची बाजू सतत बदलत राहावी. बंपरच्या कडा, आरशांचे बूड यांसारख्या काळ्या खरबरीत प्लॅस्टिकला हे लागू देऊ नका. तिथे पांढरे डाग राहतात आणि ते काढताना जीव मेटाकुटीला येतो.

रंग मॅट असेल तर यातले काहीही लावू नये. आपला तसा नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचा असू शकतो.

कलमाखालच्या चिकट ठिपक्यांबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. मोहोरातला रस शोषणारे तुडतुडे गोड, चिकट द्रव बाहेर टाकतात, आणि पानांवर काळी बुरशी धरते ती त्याच द्रवावर. तो साखरेचा असल्यामुळे पाण्यात विरघळतो, एवढे ध्यानात घेतले की काम सोपे होते. मोठा टॉवेल कोमट पाण्यात भिजवून टपावर दहा मिनिटे पसरून ठेवा, मग शॅम्पूच्या पाण्याने अलगद धुवा. सुक्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याने रगडू नका, कारण त्या थरात बसलेली धूळच रंगाला घासते. आंब्याचा चीक ही निराळी वस्तू आहे. देठ तुटल्यावर उडणारा तो चीक आंब्याची साल आणि आपली कातडीही भाजतो, आणि राळेसारखा असल्याने पाण्याला जुमानत नाही. तो पडला की त्याच दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात निम्मे निम्मे मिसळून, मऊ फडक्याने टिपून काढा आणि तेवढ्या जागी पुन्हा सीलंट लावा, कारण अल्कोहोलने तिथला थरही निघालेला असतो. कलमांवर फवारणी होणार असेल त्या दिवशी गाडी दुसरीकडे हलवावी.

उत्तर : मुठेकाठ

तकाकी यांनी निवडीबद्दल लिहिलेले पटते. मी धुण्याबद्दल लिहितो, कारण आपण ज्या गोल रेघा पाहता त्या जवळजवळ नक्कीच रोजच्या पुसण्याने आलेल्या आहेत. रात्रभर बसलेल्या धुळीत वाळूचे कण असतात. सुती फडके ते उचलून घेत नाही, रंगावरून फरफटवत नेते. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये एकच बादली आणि एकच फडके घेऊन सकाळी ओळीने गाड्या पुसल्या जातात आणि चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत ते पाणी चहासारखे झालेले असते. ते काम करणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला ठरलेल्या वेळात सगळ्या गाड्या उरकायच्या असतात. आमच्या गाडीसाठी मात्र मी त्यांना विनंती केली की रोज फक्त काचा पुसाव्यात आणि रंगाला हात लावू नये. त्यांनी ती लगेच मान्य केली.

धूळ बसलेली गाडी न पुसता तशीच राहू देणे हे कोरड्या पुसण्यापेक्षा कितीतरी बरे. लांब दांड्याच्या झटकणीलाही हेच लागू आहे. आठ-दहा दिवसांनी नीट धुवा. आधी पाईपने किंवा फवाऱ्याने भरपूर पाणी मारून सुटी धूळ आणि चिखल उतरवा. दोन बादल्या घ्या, एकीत गाड्यांसाठीच्या सौम्य शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवा. वरून खाली या, आणि चाकांसाठी व खालच्या पट्टीसाठी वेगळे फडके ठेवा. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नका, तिने सीलंटचे आयुष्य घटते. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारे द्रावण घालू नये, त्याने धागे लिंपले जातात आणि फडके पाणी टिपेनासे होते.

पाण्याविषयीही सावध राहिले पाहिजे. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बरेचदा जड असते आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचे पाणीही तसेच येते. अशा पाण्याचा थेंब रंगावर सुकला की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गोल पांढऱ्या कड्यासारखे मागे राहतात. सीलंट लावलेल्या गाडीवर थेंब गोल गोल उभे राहतात, ते सगळ्यांना आवडते. पण पाणी जड असेल आणि गाडी उन्हात सुकली, तर प्रत्येक थेंबाचा डाग स्वतंत्र आणि अधिक ठळक उमटतो. म्हणून धुतल्यावर गाडी लगेच टिपून घेणे हे वॅक्स लावण्याइतकेच आवश्यक आहे. ताजे डाग पांढरे व्हिनेगर समप्रमाणात पाणी घालून, सावलीत, गार पत्र्यावर मिनिटभर ठेवून निघतात. नंतर भरपूर पाण्याने धुवावे. जुने डाग क्लिअर कोटमध्ये उतरलेले असतील तर पॉलिशशिवाय जात नाहीत. आपल्याकडच्या जांभ्याच्या विहिरीचे पाणी बहुधा मऊ असेल, त्या दृष्टीने आपण भाग्यवान आहात.

एक छोटी पण मनापासूनची सूचना. दसऱ्याला गाडीची पूजा आम्हीही करतो. झेंडूचा हार बॉनेटवर बांधून गाडी चालवली की त्याचा दोरा वाऱ्याने रंगावर घासत राहतो, आणि ओल्या हळदीकुंकवाचे बोट उन्हात तसेच राहिले तर डाग मागे राहू शकतो. हार पूजेपुरता ठेवावा, नंतर तो उतरवून गाडी पाण्याने धुऊन घ्यावी.

प्रश्नकर्ता : जांभ्याचीवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाणी विहिरीचेच आहे आणि काचेवर पांढरे डाग पडलेले मला आठवत नाहीत, त्यामुळे ती काळजी मिटली. रोजचे पुसणे आजपासून बंद.

आणखी दोन शंका आहेत. गाडी घेतली तेव्हा विक्री दालनात टेफ्लॉन कोटिंग करून दिले होते, त्याचा उपयोग अजून असेल का? आणि परवा एका ठिकाणी सिरॅमिक कोटिंगची चौकशी केली, तेव्हा ‘९एच कडकपणा असल्यामुळे पाच वर्षे ओरखडा पडणार नाही’ असे सांगण्यात आले. वर्षातून दोनदा सीलंट लावण्याऐवजी एकदाच खर्च केलेला बरा, असे घरी वाटते आहे. बॉनेटच्या पुढच्या कडेला दगड लागून रंगाचे दोन बारीक टवके उडाले आहेत, त्यांचे काय करावे हेही सांगावे.

उत्तर : पन्हाळगल्ली

मी कोल्हापुरात गाड्यांच्या रंगकामाच्या व्यवसायात आहे, म्हणून बंपरपासून सुरू करतो. कारखान्यात गाडीचा पत्रा सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो, त्यामुळे नवी गाडी हाती येते तेव्हा तिचा रंग पूर्ण पक्का झालेला असतो आणि तिला पहिल्या दिवशीही वॅक्स चालते. दुरुस्तीच्या रंगाचे तसे नाही. बसवलेल्या तारा, रबर, प्लॅस्टिक यांमुळे आम्ही बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, साधारण ६० अंशांच्या आसपासच थांबतो, आणि त्यानंतरही रंगातली द्रावके काही आठवडे बाहेर पडत राहतात. त्यावर सीलंट किंवा कोटिंग चढवले तर ती कोंडतात आणि रंग मऊ किंवा निस्तेज राहण्याचा धोका असतो. रंग बनवणाऱ्या कंपन्यांनी सांगितलेली मुदत वेगवेगळी असते. ती माहीत नसेल तर ९० दिवस थांबावे. तोवर बंपर साध्या पाण्याने आणि सौम्य शॅम्पूने धुवा, पण पॉलिश, क्ले, वॅक्स यांतले काही नको. पक्ष्याची विष्ठा मात्र ताज्या रंगावर जास्तच लवकर उतरते, ती दिसताक्षणी ओल्या फडक्याखाली भिजवून काढा.

टवक्यांना मी सर्वांत आधीचे स्थान देईन. अखंड क्लिअर कोटला खाऱ्या हवेची सहसा फारशी बाधा होत नाही, पण टवक्यातून पत्रा उघडा पडला असेल तर किनाऱ्यावर गंज फार लवकर धरतो आणि तो कडेने रंगाखाली सरकत जातो. आपल्या रंगाच्या संकेतांकाची टच-अप बाटली घ्या. अल्कोहोलने जागा पुसून, काडीच्या टोकाने खळग्यापुरताच रंग भरा, एक थर सुकल्यावर दुसरा. हे काम सीलंट लावण्याच्या काही आठवडे आधी झाले पाहिजे, कारण मेणकट जागेवर टच-अपचा रंग बसत नाही आणि भरलेला रंग पक्का व्हायलाही वेळ लागतो.

टेफ्लॉनचा उपयोग आता उरला असेल असे समजू नका. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, न चिकटणाऱ्या कढईवर असते ते प्लॅस्टिक. ते सुमारे ३२७ अंशांना वितळते आणि कढईवर ते पक्के बसवायला त्याहून अधिक उष्णता द्यावी लागते. गाडीच्या रंगावर तसे करणे अशक्य आहे. त्या नावाने जे लावले जाते त्यात काम करतो तो सोबतचा मेणाचा किंवा सिलिकोनचा भाग, आणि तो काही महिन्यांत संपतो.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावल्यावर कडक होणारे द्रव लेपण, ही खरी आणि चांगली वस्तू आहे, तिच्याविषयी केले जाणारे दावे मात्र पटण्यासारखे नाहीत. ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या कसोटीचा आहे. ६बी पासून ९एच पर्यंतच्या पेन्सिली ठरलेल्या दाबाने फिरवून कोणती रेघ ओढते ते पाहतात, आणि ९एच ही त्या मालिकेतली शेवटची पेन्सिल. वाळूतला गारगोटीचा कण त्या पेन्सिलीच्या शिशाहून कितीतरी कठीण असतो. तो कोटिंगही ओरबाडतो आणि खालचा क्लिअर कोटही. कोटिंगची जाडी एक-दोन मायक्रॉनच असते, त्यामुळे दगडापासून ते वाचवत नाही. रसायनांना, उन्हाला आणि वारंवार धुण्याला ते सीलंटपेक्षा जास्त टिकते, नीट निगा राखली तर दोन-तीन वर्षेही. पण विष्ठा आणि चीक त्यावरही पडून राहिले तर खूण उमटते, आणि धुण्याची शिस्त त्यालाही तितकीच लागते.

त्याचा खरा खर्च तयारीत असतो. कोटिंगखाली जे असेल ते तसेच दिसत राहते, म्हणून आधी मशीनने पॉलिश करतात. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट घासून पातळ करणे. हलक्या हाताने साधारण एक मायक्रॉन जातो, जास्त घासणाऱ्या रबिंग कंपाउंडने त्याच्या कितीतरी पट. चाळीस मायक्रॉनच्या थरातून हे किती वेळा परवडेल याचा हिशेब मालकाने ठेवायला हवा. कोणाकडेही गाडी सोपवण्यापूर्वी रंगाची जाडी मोजणारे यंत्र आहे का ते विचारा, आणि बॉनेट, टप, दरवाजे यांची मापे आपल्यासमोर घ्यायला लावा. साधी यंत्रे धातूवरच चालतात, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाहीत, हे लक्षात ठेवा. वेगाने फिरणारा बफर आणि लोकरीचे पॅड घेऊन सबंध गाडी तासाभरात चमकवून देणाऱ्यांपासून दूर राहावे. बॉनेटच्या घड्या आणि दरवाजाच्या कडा इथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि तिथेच तो जळतो. काही ठिकाणी रेघा काढल्याच जात नाहीत, तेलकट ग्लेझने बुजवल्या जातात आणि तिसऱ्या-चौथ्या धुण्याला पुन्हा वर येतात. काम झाल्यावर एका कोपऱ्यात अल्कोहोलचे फडके फिरवून उन्हात पाहिले की खरे काय ते कळते.

कलमाखाली उघड्यावर राहणाऱ्या गाडीवर मी आज सिरॅमिक करायला सांगणार नाही. छप्पर झाल्यावर अवश्य विचार करा. त्या पैशांत आधी पत्र्याची साधी शेड उभी राहत असेल, तर रंगाला तिचा उपयोग कोणत्याही बाटलीपेक्षा जास्त आहे. गाडीवर घालायच्या कापडी आच्छादनाचा मात्र किनाऱ्यावर आग्रह धरू नका. वाऱ्याने ते फडफडून खालची धूळ रंगावर घासते आणि पावसाळ्यात आत ओल धरून ठेवते.

उत्तर : तकाकी

पन्हाळगल्ली यांच्या शेडच्या सूचनेला माझा पूर्ण दुजोरा. पत्र्याऐवजी जाळी लावण्याचा विचार असेल तर तसे करू नका, तुडतुड्यांचा चिकटा जाळीतून खाली येतोच.

बॉनेटवरच्या रेघांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. दोन वर्षांच्या गाडीचा क्लिअर कोट अजून पुरेसा असतो. आपल्या रेघा फक्त तिरप्या उन्हात दिसतात आणि नखाला लागत नाहीत, असे आपल्या वर्णनावरून वाटते. मशीन पॉलिशसाठी गाडी बाहेर न देता, बॉनेट आणि टप एवढ्यावरच बारीक दर्जाचे फिनिशिंग पॉलिश हाताने, मऊ पॅडवर, एकदाच फिरवावे. निम्म्याहून अधिक रेघा फिक्या होतील. उरलेल्या तशाच राहू द्याव्यात, त्या काढण्याच्या नादात जाणारा थर परत येत नाही. रोजचे कोरडे पुसणे थांबल्यावर नव्या रेघा पडण्याचे प्रमाणही पुष्कळ कमी होईल.

क्रम साधारण असा ठेवा. या आठवड्यात टवके भरून घ्या. मोहोर आणि चिकटा संपेपर्यंत दर आठवड्याला कोमट टॉवेल आणि शॅम्पू एवढेच. मेच्या मध्याला, आंबे उतरवून झाल्यावर, दोन कोरड्या दिवसांचा सलग वेळ काढा. पहिल्या दिवशी धुणे, क्ले आणि बॉनेट-टपाचे पॉलिश. पॉलिशचे तेल राहू नये म्हणून अल्कोहोलच्या पाण्याने पुसून सीलंटचा पहिला हात, आणि रात्री गाडी कोणाच्या तरी छपराखाली. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. तो चमक वाढवण्यासाठी नसून पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरण्यासाठी असतो. दरवाजे उघडून आतल्या कडांवर, डिकीच्या तोंडाशी आणि इंधनाच्या झाकणामागेही लावा, पावसाळ्यात चिखलाचे पाणी तिथेच साचते. चाकांवरच्या कमानींच्या आत आणि गाडीच्या तळाशी सीलंटचा काही उपयोग नाही. तिथे पाऊस सुरू होण्यापूर्वी गंजरोधक फवारा मारून घ्यावा आणि दरवाजांखालची पाणी निथळण्याची भोके काडीने मोकळी करावीत.

पावसाळ्यात उघडीप मिळाली की निदान चाकांमागचा चिखल पाईपने उतरवत जा. सीलंट शिल्लक आहे का हे पाहायचे असेल तर शॅम्पूने धुतल्यानंतर पाणी कसे वाहते ते बघा. ते पत्र्यावर चादरीसारखे पसरून रेंगाळू लागले, थेंब धरेनासे झाले, तर थर संपत आला आहे. अशा वेळी ओल्या गाडीवरच मारता येणारे स्प्रे सीलंट मिळते, ते ऑक्टोबरपर्यंत वेळ मारून नेईल. मागच्या बंपरला मेमध्ये हात लावू नका. त्याचे ९० दिवस जूनमध्ये भरतील आणि तेव्हा पाऊस लागलेला असेल, म्हणून त्याचे पहिले सीलंट ऑक्टोबरमध्ये बाकीच्या गाडीबरोबरच होऊ द्या.